इंजिन पुन्हा सुरू करू नये

सिंगापूर
४ ऑक्टोबर २०१५

दादा,

थोरल्या भावाला पत्राच्या आरंभी जे नमस्कार घालायचे असतात, ते अप्पांना पोहोचव. ते सध्या तुझ्याच घरी असल्यामुळे वाया जाणार नाहीत.

तुझा ईमेल मिळाला. आईच्या वर्षश्राद्धानंतर तू मला लिहिलेला हा पहिलाच मजकूर. तो इतका संक्षिप्त आहे की पुरता उद्धृत करता येतो: ‘हे उल्की, बोट घेतली! इंजिन तुमच्याच कंपनीचं. विंटरसाठी पॅक कसं करतात? स्टेप्स पाठव. शॉर्टमध्ये.’

मी मराठीत आणि सविस्तर उत्तर देत आहे. तुला देवनागरी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, आणि सरिता वहिनी तुला ते मोठ्याने वाचून दाखवतील हेही ठाऊक आहे. (वहिनी, नमस्कार. कंसातला मजकूर केवळ तुमच्यासाठी असतो. तो मोठ्याने वाचू नये.)

तांजोंग पगारच्या ऑफिसात बसून मी थंड देशांतल्या बोटींच्या इंजिनांसाठी हिवाळी साठवणुकीचे प्रकरण लिहिते, याचे तुला हसू आले असे वहिनींनी कळवले. ‘जिने बर्फ फक्त नीरेच्या ग्लासात पाहिला ती कॅनडाला शिकवणार!’ हे तुझे वाक्यही पोहोचले. विनोद बरा आहे. परंतु गोठणारे पाणी प्रसरण पावते आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते भांडे फोडते, हे समजण्यासाठी कॅनडात राहावे लागत नाही. आठवीत लक्ष द्यावे लागते. तरीही मी लिहिण्यापूर्वी पडताळा घेतला. घरमालकीण आंटींच्या फ्रीझरमध्ये काचेची बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती फुटली आणि काचा त्यांच्या कोळंबीत गेल्या. आंटी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. ओतीव लोखंडाचे इंजिन काचेहून बळकट असते. फुटते मात्र तसेच.

आता कृती. तुझ्या बोटीचे इंजिन तळ्याचेच पाणी आत घेऊन थंड राहते. म्हणजे बोट बाहेर काढली तरी आत तळे शिल्लक उरते. प्रथम बागेचा पाइप जोडून इंजिन गरम होईपर्यंत चालव. ते थंड असताना आतली थर्मोस्टॅटची झडप बंद असते आणि तू ओतलेले औषध आत न शिरता बाहेरच्या बाहेर निघून जाते. मग इंजिन बंद करून तळाची बुचे काढ आणि पाणी वाहू दे. बुचांच्या तोंडाशी गाळ बसतो, त्यात तार घालून पाहा. थेंब पडायचे थांबले म्हणजे पाणी संपले असे मानणारे लोकच मे महिन्यात आम्हाला तक्रारी पाठवतात. नंतर बुचे लावून गुलाबी अँटीफ्रीझ, म्हणजे तेच न गोठणारे औषध, आत खेचून घे, धुराच्या नळीतून गुलाबी धार पडेपर्यंत. तेल बदल. बॅटरी काढून घरात ठेव. इंजिन कोरडे कधीही चालवू नये, पंपाचे रबरी पाते जळते.

त्यानंतरचे वाक्य मॅन्युअलमध्ये चौकटीत आहे आणि ते माझे आहे: साठवणुकीनंतर इंजिन पुन्हा सुरू करू नये, केल्यास सर्व कृती पहिल्यापासून करावी.

अप्पांच्या गुडघ्यांना थंडी सोसत नाही. ते या हिवाळ्यात माझ्याकडे येणार होते. ‘तिच्या एका खोलीत झोपणार कुठे?’ असे विचारून तू त्यांना तिकडे नेलेस. तुझ्या घरात खोल्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखादी उबदार असेल अशी आशा करते.

उल्का


२३ ऑक्टोबर २०१५

दादा,

काल दसऱ्याला तू जो कार्यक्रम स्काइपवरून सर्वांना दाखवलास, त्याविषयी लिहिते. तेव्हाच बोलायला हवे होते असे तू म्हणशील. मी बोलले होते. कुणाला ऐकू गेले नाही, कारण त्याच क्षणी तू इंजिन सुरू केलेस.

वहिनी, हे जरा सावकाश वाचा, म्हणजे त्याला प्रसंग नीट आठवेल.

तू बोटीवरचे प्लास्टिक सोडलेस, इंजिनावरचे झाकण उचललेस. अप्पांनी कानटोपी घालून, मफलर गुंडाळून इंजिनाला हळदकुंकू वाहिले. झेंडू मिळाला नाही म्हणून शेवंती, आणि आपट्याऐवजी मेपलची पाने. इथवर सगळे छान होते. मेपलचे सोने पाहून मलाही हसू आले, हे मान्य करते. मग कोल्हापुराहून नीताआत्या म्हणाली, “क्षितिज, नुसतीच काय रे पूजा? चालू करून दाखव की! आवाज ऐकू दे जरा. आमच्या ट्रॅक्टरची पूजा चालू करूनच करतात.”

अप्पा म्हणाले, “नको. उल्कानं बंद ठेवायला सांगितलंय. औषध भरलंय त्यात.”

तू म्हणालास, “अप्पा, तुम्ही नारळ फोडा. इंजिनाचं मी बघतो.”

“अरे, पण तिनं चौकटीत लिहिलंय...”

“चौकटीत काय, ती वाढदिवसाचं कार्डसुद्धा चौकटीत लिहिते!”

सगळे हसले. आत्या सर्वांत मोठ्याने. इथे शेजारच्या देशातल्या वणव्यांच्या धुरक्यामुळे खिडक्या बंद होत्या, त्यामुळे ते हसणे खोलीत बराच वेळ राहिले.

तू पाइप जोडलास, हे मी पाहिले. कोरडे चालवू नये ही माझी सूचना तुझ्या लक्षात राहिली. मी लिहिलेल्या सर्व वाक्यांपैकी तू एकच पाळलेस, आणि नेमके त्यानेच इंजिनाचा घात केला. कारण जोपर्यंत नारळ फुटत होता, आरती होत होती आणि आत्याला आवाज ऐकू येत होता, तोपर्यंत तुझ्या पाइपातले साधे पाणी गुलाबी अँटीफ्रीझला ढकलून बाहेर काढत होते. ते ड्राइव्हवेवर सांडलेले दिसत होते. तू म्हणालास, ‘बघा, कसं कुंकवासारखं वाहतंय!’

आता तुझ्या इंजिनात नळाचे पाणी आहे. अजून तिकडे पाणी गोठण्याइतकी थंडी नाही. या शनिवारी बुचे काढ, पाणी सोड, पुन्हा अँटीफ्रीझ भर. अर्ध्या दिवसाचे काम आहे. एवढे केलेस तर मी या विषयावर पुन्हा एक अक्षरही लिहिणार नाही, हे तुझ्या दृष्टीने मोठेच प्रलोभन ठरावे.

उल्का

(वहिनी, तो करणार नाही. शेजारच्या कुणाला तरी सांगून करून घ्या.)


८ मे २०१६

दादा,

तुझे उत्तर ऑक्टोबरात आले होते. त्यात अंगठा उंचावलेले एक चित्र होते. वहिनींनी शेजाऱ्याचा विषय काढला, तेव्हा तू ‘घरचं इंजिन दुसऱ्याला कशाला दाखवायचं’ म्हणालास, हेही मला कळले.

इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आहे आणि तेलात पाणी शिरून त्याचा रंग दुधाच्या चहासारखा झाला आहे, हे मला तुझ्याकडून कळले नाही. शुक्रवारी माझ्या टेबलावर आलेल्या कागदांवरून कळले. सूचना संदिग्ध होत्या अशी तक्रार असलेले वॉरंटीचे दावे आमच्या विभागाकडे अभिप्रायासाठी येतात, कारण सूचना आम्ही लिहितो. माझ्या शेजारचा प्रमोद उठून चहाला गेला होता, म्हणून तो दावा माझ्या ट्रेमध्ये पडला. मी तुझे आडनाव पाहिले. ते माझेही आहे.

त्यात तू दोन विधाने केली आहेस. साठवणुकीनंतर इंजिन सुरू करू नये असे मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेले नाही, हे पहिले. दुसरे असे, की इंजिन तू सुरू केलेच नाहीस. ते तुझ्या वृद्ध वडिलांनी धार्मिक विधीच्या निमित्ताने, तुझ्या नकळत सुरू केले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही.

हे दुसरे विधान मी उभी राहून वाचले.

जन्मभर कराडच्या शाळेत ज्यांनी इंग्रजी शिकवले त्या माणसाविषयी हे लिहिताना तुझे बोट एखाद्या तरी अक्षरावर अडखळले का? तुला त्यांनी साताऱ्याच्या कॉन्व्हेंटला रोज बसने पाठवले आणि मला स्वतःच्याच वर्गात बसवले. तू त्यांच्या उच्चारांना ‘कराड इंग्लिश’ म्हणायचास. त्याच कराड इंग्लिशवर मी इथे पोट भरते, आणि तुझ्या मालकीच्या इंजिनाचे पुस्तक त्यात लिहिलेले आहे.

दावा माझ्या टेबलावर आल्याचे मी वहिनींना कळवले होते, म्हणून शनिवारी तुझा फोन आला. मी फोनवर नीट बोलू शकत नाही. समोरचा जोरात बोलू लागला की माझे शब्द मागे सरतात. तुला हे लहानपणापासून माहीत आहे आणि तू त्याचा वापरही करत आला आहेस. म्हणून तेव्हा काय झाले ते इथे लिहून ठेवते.

तू म्हणालास, “उल्की, इट्स जस्ट अ फॉर्म. तू एवढंच लिही, की सूचना अजून क्लिअर करता आली असती. नशीब बघ, तुझ्याच टेबलावर आलंय!”

मी म्हटले, “आणि अप्पांचं?”

“अप्पांना काय फरक पडतो? त्यांना कोण विचारणार आहे? ते सही करायला तयार आहेत.”

“तू त्यांना वाचून दाखवलंस?”

“गिस्ट सांगितलं.”

मग तू फोन अप्पांच्या हाती दिलास. ते म्हणाले, “उल्के, लिही म्हणतोय तर लिही. मुलाच्या घरात राहतो मी. माझ्या नावानं एक इंजिन मोडलं म्हणून माझं काय जातंय?” मी विचारले, तुम्ही नको म्हणाला होतात ना? ते म्हणाले, “म्हणालो होतो खरं. पण हळूच म्हणालो.”

दादा, तुझ्या बोटीशी मला काहीही कर्तव्य नाही. ती तळ्याच्या तळाशी गेली तरी मी त्या दिवशी नेहमीप्रमाणे जेवेन. परंतु ज्याने तुला अडवले त्याच्याच नावावर तू तुझे कृत्य लिहीत आहेस, आणि तो तुझ्या छपराखाली असल्यामुळे हो म्हणत आहे. नातेवाईकांतही तू हेच पसरवले आहेस. नीताआत्याचा परवा मेसेज आला: ‘अप्पांना या वयात कशाला हात लावायचा होता!’ जिने ‘चालू करून दाखव’ म्हटले, तीच.

तो दावा मागे घे. निदान त्यातून अप्पांना काढ.

उल्का

(वहिनी, तो कागद अप्पांना मुळातून वाचू द्या. गिस्ट नको.)


१९ मे २०१६

दादा,

तू दावा मागे घेतला नाहीस. म्हणून मी काय केले ते कळवते, म्हणजे तुला ते दुसऱ्याकडून कळण्याचा त्रास होणार नाही.

सोमवारी मी फाइल घेऊन माझ्या वरिष्ठ मिसेस ओंग यांच्याकडे गेले. बोलायचे वाक्य मी इथल्या एमआरटी मेट्रोत तीनचारदा मनात म्हणून पाहिले होते. ‘हा दावेदार माझा भाऊ आहे, मी अभिप्राय देऊ शकत नाही.’ त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

“युवर ब्रदर आह? रियल ब्रदर?”

मी हो म्हटले.

“ही से युवर मॅन्युअल नॉट क्लिअर?”

मी पुन्हा हो म्हटले.

“आइयो, व्हॉट काइंड ऑफ ब्रदर! ओके, यू डोन्ट टच धिस वन लाह. गिव्ह प्रमोद.”

एवढ्यावर तो विषय संपला. तुझ्याविषयी मी एक अक्षरही अधिक सांगितले नाही. आवश्यकता वाटली नाही. तुझा दावा तुझे वर्णन पुरेसे करतो.

प्रमोद नागपूरचा आहे आणि अतिशय काटेकोर आहे. ज्याच्या हातून इंजिन सुरू झाले असे दाव्यात म्हटले आहे, त्या व्यक्तीशी तुमच्याकडच्या तपासनिसाने प्रत्यक्ष फोनवर बोलावे, असे त्याने लिहिले आहे. त्यांना इंग्रजी येत नसल्यास दुभाषी द्यावा, असेही लिहिले आहे. मी त्याला काही सुचवलेले नाही. मी त्याच्याशी दोन दिवस बोललेलेच नाही.

म्हणजे आता अप्पांना विचारले जाणार. ‘त्यांना कोण विचारणार आहे?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

तुला आता दोन वाटा आहेत. अप्पांकडून खोटे पाठ करून घेणे, किंवा तपासनिसाला स्वतः फोन करून खरे सांगणे. दुसरी वाट तू निवडशील असे मला वाटत नाही, परंतु ती आहे हे लिहून ठेवणे माझ्या व्यवसायाचा भाग आहे. माणसे वाचत नाहीत म्हणून सूचना लिहायच्या थांबवता येत नाहीत.

उल्का


१९ जून २०१६

दादा,

हे पत्र मी अप्पांच्या सांगण्यावरून लिहीत आहे. माझ्या इच्छेने लिहिले नसते.

ते सुखरूप पोहोचले. त्यांचे तिकीट तू सप्टेंबरवरून जूनवर आणलेस आणि कारण म्हणून ‘त्यांना इथे करमत नाही’ असे आत्याला कळवलेस. विमानतळावर त्यांच्या अंगात तुझे जुने जाड जाकीट होते. चांगीच्या बाहेर पडताच घामाने भिजले, तरी काढेनात. म्हणाले, “क्षितिजनं दिलंय, हरवेल.”

फोनचा सगळा प्रसंग वहिनींनी मला आधीच कळवला होता. तू स्पीकर लावून शेजारी उभा होतास. दुभाषी म्हणून एक बाई लाइनवर होती आणि तिने हिंदीत सुरुवात केली. अप्पांनी तिचे आभार मानले आणि आपल्याला तिची गरज नसल्याचे इंग्रजीत सांगितले. मग वर्गात धडा समजावून द्यावा तसे, एकेक वाक्य पूर्ण करत त्यांनी तपासनिसाला सांगितले, की इंजिन माझ्या मुलाने सुरू केले, मी नको म्हणालो होतो, आणि सूचना अगदी स्पष्ट आहेत, कारण त्या मी दोनदा वाचल्या आहेत. तू ‘अप्पा!’ म्हणालास. त्यांनी तपासनिसाला सांगितले, “हा माझा मुलगाच मधे बोलतो आहे. त्याला आपण नंतर वेळ देऊ.”

हे वाचून मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन हसले आणि नंतर रडले. तुझा दावा फेटाळला गेल्याचा आनंद मला झाला, तो मी लपवत नाही. पण त्याहून मोठा आनंद दुसराच होता. आयुष्यात प्रथमच अप्पा माझ्या बाजूने उभे राहिले, असे मला वाटले.

ते मी त्यांना बोलूनही दाखवले. फोनवर मला जमत नाही, समोरासमोर त्याहून जमत नाही, तरी एमआरटीत शेजारी बसून म्हटले, “अप्पा, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत.”

ते माझ्याकडे पाहू लागले. “तुझ्यासाठी? तुझा काय संबंध?”

“म्हणजे... सूचना स्पष्ट आहेत म्हणालात...”

“आहेतच. त्यात काय? दोन ठिकाणी वाक्यं लांब झालीत, ती घरी गेल्यावर दाखवतो.” मग खिडकीकडे वळून म्हणाले, “हे बघ उल्के, क्षितिजनं ‘म्हातारा विसरला’ असं लिहिलं असतं ना, तर मी हो म्हणून मोकळा झालो असतो. ‘म्हातारा वेडा आहे’ लिहिलं असतं तरी चाललं असतं. पोरासाठी काय, माणूस म्हणतो. पण सरितानं तो कागद वाचायला दिला. बापाला इंग्रजी वाचता येत नाही, असं लिहिलं होतं त्यात. ते नाही सहन झालं.”

म्हणजे मी जो विजय साजरा केला तो माझा नव्हता. तू एक शब्द वेगळा लिहिला असतास तर माझा बाप तुझ्यासाठी आनंदाने खोटे बोलला असता, आणि माझ्या चौकटीतल्या वाक्याला त्याने विचारलेही नसते. तुझ्या मूर्खपणामुळे खरे बाहेर आले, माझ्या सचोटीमुळे नव्हे. हे तुला कळू देण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण अप्पा म्हणाले, घडले तसे लिही.

आता त्यांचा निरोप. त्यांना तुझ्यावर राग नाही. (मला आहे, तो स्वतंत्र मानावा.) त्यांना येत्या हिवाळ्यात पुन्हा तुझ्याकडे यायचे आहे. जानेवारीत तळे गोठल्यावर शेजारचे आजोबा बर्फाला भोक पाडून खुर्ची टाकून मासे धरत बसतात, त्यांनी अप्पांना शेजारी बसवून घेतले होते. त्यांनी पुन्हा बसायला बोलावले आहे. “तू गोठलेल्या पाण्यावर एवढं लिहितेस,” ते मला म्हणाले, “पण पाहण्यासारखं असतं ते.” गुडघ्यांची आठवण मी करून दिली. त्यांनी ऐकले नसल्यासारखे केले.

अट एकच आहे. फोन तू करायचास. वहिनींनी नव्हे, मेसेज नव्हे, अंगठ्याचे चित्र नव्हे. माफी मागायची नाही. फक्त ‘अप्पा, कधी येताय?’ असे विचारायचे. मी विचारले, एवढेच? ते म्हणाले, “त्याला एवढंही जड जाईल.”

त्यांचा इथला व्हिजिट पास महिनाभराचा आहे. आंटींनी त्यांच्यासाठी हॉलमध्ये गादी टाकू दिली आहे आणि त्यांना ‘टीचर’ म्हणतात. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून येईपर्यंत दोघे इंग्रजी वर्तमानपत्रावर वाद घालत असतात. मला हे घर इतके आवडलेले याआधी आठवत नाही. म्हणून स्पष्टच लिहिते: तू फोन करणार नाहीस अशी माझी खात्री आहे, आणि ती चुकू नये अशी माझी इच्छाही आहे.

अप्पांची इच्छा वेगळी आहे. मी त्यांना इथले सिम घेऊन दिले आहे. नंबर वेगळा पाठवते. खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायला गेलो तरी ते फोन ताटाशेजारी उताणा ठेवतात. काल जेवताना तो वाजला. त्यांनी उष्ट्या हातानेच उचलला. कुठल्याशा बँकेची बाई होती. कर्ज हवे आहे का, असे विचारत होती.

अप्पांनी तिला पुष्कळ वेळ बोलू दिले.

उल्का